माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्डी भंगारात घालण्याआधी एवढं वाचा

हुलसूर (प्रतिनिधी) : दिवाळीची साफसफाई असो, वाड्याची वाटणी असो की जुनं घर पाडून स्लॅब टाकायचं काम असो, आपल्या भागात माळ्यावरून एक पेटी हमखास खाली येते. त्यात काळ्या तबकड्या असतात. काही जड, काही हलक्या, काहींना कागदी पाकीट, काही उघड्याच. वाजवायचं यंत्र कधीच मोडीत गेलेलं असतं. मग दोनच गोष्टी होतात. एक तर भंगारवाल्याची गाडी दारात थांबते आणि पेटी किलोवर जाते. नाही तर कुणाच्या तरी मोबाइलवर 'जुन्या रेकॉर्डीला लाखो रुपये' असा व्हिडिओ येतो आणि घरात भांडण लागतं.

दोन्हीत नुकसान आहे. पहिल्यात वस्तू जाते, दुसऱ्यात पैसे जातात. हुलसूर, बसवकल्याण, भालकी, हुमनाबादपासून कलबुर्गीपर्यंत अशा पेट्या अजून निघतात. म्हणून जुन्या रेकॉर्डींचा बाजार नेमका चालतो कसा, भाव कशाला येतो, कशाला येत नाही, आणि आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने त्यात जपण्यासारखं काय आहे, हे नीट समजून घेऊ.

आधी ओळखा : हातात आहे ती कोणती रेकॉर्ड?

रेकॉर्डी ढोबळमानाने तीन जातीच्या.

पहिली ७८ ची. मिनिटाला ७८ फेरे घेते म्हणून ७८. ही जड असते, हातातून पडली की काचेसारखी फुटते. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. ही प्लॅस्टिकची नव्हे, लाखेची. झाडावरच्या किड्यापासून मिळणारी, बांगड्यांना लागते तीच लाख. त्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून ही तबकडी दाबली जायची. एके काळी जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांना लाख पुरवण्यात आपला देश आघाडीवर होता.

दुसरी ईपी. ताटलीएवढी लहान, ४५ फेऱ्यांची, दोन्ही बाजू मिळून साधारण चार गाणी. तिसरी एलपी. मोठी, पातळ, वाकणारी, ३३ फेऱ्यांची, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. या दोन्ही विनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या. आपल्याकडे साठच्या दशकात ७८ मागे पडत गेली आणि या दोन जाती पुढे आल्या. पुढे ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघर पोचली आणि रेकॉर्ड माळ्यावर गेली.

हे ओळखणं का महत्त्वाचं? कारण तिन्हींचं गिऱ्हाईक वेगळं, सुई वेगळी, धुण्याची पद्धत वेगळी आणि भावही वेगळा.

जुनं म्हणजे महाग, हा पहिला गैरसमज

'आजोबांच्या वेळची आहे, म्हणजे किंमत असणारच' असं आपण धरून चालतो. बाजार असं धरत नाही. गाजलेल्या सिनेमाची रेकॉर्ड हजारोंनी छापली गेली, हजारो घरांत पोचली. आज तीच सगळ्यात जास्त सापडते. जी वस्तू जिथं तिथं सापडते तिला भाव कुठून येणार? कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तो मागणी-पुरवठ्याचा नियम इथं जसाच्या तसा लागू पडतो.

याचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण 'सोल' संगीताचं. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या समाजाचं गाणं. चर्चमधली भक्तिगीतं आणि बाहेरचं नाचगाण्याचं संगीत यांच्या मिश्रणातून पन्नास-साठच्या दशकांत ते उभं राहिलं. आपल्याकडे भजनी मंडळात तयार झालेला गळा नाटका-सिनेमात गेला की त्याला जी ओढ येते, तसंच काहीसं. डेट्रॉइट शहरातली १९५९ साली सुरू झालेली मोटाउन ही त्यातली मोठी कंपनी. तिची जी गाणी गाजली ती लाखोंनी खपली. पण प्रत्येक गाजलेल्या गाण्यामागे कितीतरी गाणी पडली. रेकॉर्ड निघाली, खपली नाही, गोदामात राहिली, मोडीत गेली.

पुढे सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या उत्तर भागातल्या गिरणी-कारखान्यांच्या गावांत एक वेगळंच वेड पसरलं. आठवडाभर राबणारी तरुण पोरं शनिवारी रात्रभर सोलच्या तालावर नाचायची. १९७३ ते १९८१ या काळात विगन शहरातलं 'कसिनो' हे नाचघर त्याचं मोठं ठिकाण होतं. या मंडळींना गाजलेली गाणी नको होती. कुणी न ऐकलेली, पडलेली गाणी हवी होती. ती शोधायला लोक अमेरिकेतल्या गोदामांत जाऊन आले. ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली रेकॉर्ड, त्याच्या नाचघराला गर्दी. म्हणून वाजवणारे रेकॉर्डच्या लेबलावर कागद चिकटवायचे, गायकाचं खोटं नाव सांगायचे, म्हणजे शेजारच्या गावातल्या माणसाला ती शोधता येऊ नये. आपल्याकडे एखादा आचारी मसाल्याचं प्रमाण सांगत नाही, तसंच.

याच बाजारातली सगळ्यात गाजलेली तबकडी फ्रँक विल्सन या गायकाची. 'डू आय लव्ह यू' हे गाणं १९६५ साली मोटाउनच्या 'सोल' नावाच्याच लेबलसाठी तयार झालं. नमुन्याच्या थोड्या प्रती निघाल्या. पण विल्सन यांनी गायक होण्यापेक्षा पडद्यामागचं निर्मितीचं काम पसंत केलं, आणि त्या प्रती बहुतेक नष्ट झाल्या. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच उरल्या. त्यातली एक २००९ साली २५,७४२ पौंडांना गेली, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने अठरा लाख रुपयांच्या आसपास. २०२० साली एक प्रत १ लाख पौंडांना विकली गेली, म्हणजे नव्वद लाखांच्या वर!

आता यातली खरी गोम बघा. हेच गाणं १९७९ साली कंपनीने इंग्लंडमध्ये पुन्हा काढलं. गायक तोच, गाणं तेच, आवाज तोच. पण पुन्हा काढलेल्या त्या रेकॉर्डीला पहिल्या छपाईच्या पासंगालाही पुरेल एवढा भाव नाही. म्हणजे पैसा गाण्याला मिळत नाही, त्या ठराविक छपाईच्या ठराविक तबकडीला मिळतो. रेकॉर्डीच्या व्यापाराची अर्धी अक्कल एवढ्यात आली.

आपल्याकडेही असंच घडलं

हे सगळं विलायतेतलं, असं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या देशातले दाखले आहेत.

मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली या अमेरिकेला गेल्या. १९७२ साली निघालेल्या ऑर्नेट कोलमन या मोठ्या जॅझ वादकाच्या 'सायन्स फिक्शन' या रेकॉर्डवर त्यांचा आवाज आहे. पुढे सोल आणि डिस्कोच्या वळणाची त्यांची स्वतःची गाणी आली. १९७६ च्या 'द डेव्हिल इज लूज' या एलपीतलं 'स्पेस टॉक' हे गाणं न्यूयॉर्कच्या नाचघरांत गाजलं आणि नंतरच्या पिढीच्या रॅप गायकांनी त्याचे तुकडे आपल्या गाण्यांत वापरले. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण बाहेरचे संग्राहक त्यांच्या मूळ रेकॉर्डी शोधत असतात.

दुसरं नाव चरणजित सिंग. हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा मुंबईचा वादक. १९८२ साली त्यांनी सिंथेसायझर आणि ताल देणारी यंत्रं घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड एचएमव्हीसाठी केली. ती चालली नाही. वीसेक वर्षांनी एका डच संग्राहकाला ती सापडली, २०१० साली तिकडे पुन्हा निघाली आणि जाणकार म्हणू लागले की परदेशात पुढे ज्या यांत्रिक संगीताची लाट आली त्याच्याशी या रेकॉर्डचं विलक्षण साम्य आहे, आणि ही त्याच्याही आधीची. म्हातारपणी चरणजित सिंग युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ साली ते गेले.

तिसरी गोष्ट कोलकात्याच्या रूपा बिस्वास यांची. कॅनडात कॅलगरीला गेल्या असताना त्यांनी 'डिस्को जॅझ' नावाची रेकॉर्ड केली, १९८२ मध्ये ती निघाली आणि विसरली गेली. पुढे त्यांच्या मुलाला इंटरनेटवर दिसलं की आईच्या त्या रेकॉर्डीला परदेशात शेकडो डॉलर मिळताहेत. २०१९ साली शिकागोच्या एका कंपनीने ती रीतसर पुन्हा काढली.

आणि एक गंमत. बीटल्स या इंग्लंडच्या जगप्रसिद्ध चमूची गाणी खुद्द इंग्लंडमध्ये ७८ वर निघाली नाहीत, कारण तिथं तोवर ७८ बंद झाली होती. आपल्याकडे मात्र खेड्यापाड्यांत चावीचे ग्रामोफोन चालू होते. म्हणून कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सची गाणी ७८ वर छापली गेली. आज परदेशी संग्राहक त्या भारतीय तबकड्यांसाठी मोठी रक्कम मोजतात. आपण मागे होतो, म्हणून वस्तू दुर्मीळ झाली!

सीमाभागाच्या पेटीत काय असू शकतं?

हुलसूरच्या पेटीत बीटल्स निघण्याची शक्यता कमीच. मग इथं काय निघतं? १९५६ पर्यंत आपला भाग हैदराबाद राज्यात होता, नंतर आजच्या कर्नाटकात आला. घरात मराठी, पेठेत कन्नड, कचेरीत उर्दू. पेटीतही तसंच मिश्रण असतं. नाट्यसंगीत आहे, कन्नड नाटकांची गाणी आहेत, कव्वाली आहे, भजनं आहेत, हिंदी सिनेमा तर आहेच.

हे मिश्रण रेकॉर्ड कंपन्यांच्या इतिहासातही आहे. आपल्या देशात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात सुरू झालं. फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ इंग्लंडहून आला आणि गौहर जान यांचं गाणं त्याने मुद्रित केलं. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. मुद्रण इथं, पण छपाई जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला कोणतं गाणं कुणाचं हे कळावं म्हणून ही सोय. १९०८ साली कोलकात्यात कारखाना निघाला आणि रेकॉर्ड हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

पुढच्या काळात भाषेच्या सीमा रेकॉर्डीने मानल्याच नाहीत. गंगूबाई हनगल धारवाडच्या, घरची भाषा कन्नड. तीसच्या दशकात एचएमव्हीने त्यांच्या रेकॉर्डी काढल्या तेव्हा लेबलावर नाव 'गांधारी' असं होतं. ग. ना. जोशींबरोबर त्यांनी मराठी भावगीतं गायली. म्हणजे आज कुणाच्या पेटीत 'गांधारी' नावाची रेकॉर्ड निघाली आणि घरच्यांनी 'ही कोण बाई?' म्हणून बाजूला टाकली, तर त्यांनी गंगूबाईंचा तरुणपणीचा आवाज टाकला. शस्त्रक्रियेमुळे त्यांचा आवाज पुढे बदलला, त्याच्या आधीचा.

विजापूर भागातल्या बिळगीच्या दोघी बहिणी, अमीरबाई आणि गोहरबाई कर्नाटकी. गोहरबाई बालगंधर्वांच्या कंपनीत मराठी रंगभूमीवर उभ्या राहिल्या, अमीरबाई हिंदी सिनेमात गाजल्या. कुंदगोळचे सवाई गंधर्व कन्नड घरातले, पण मराठी नाटकात गायले. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ उत्तरेकडच्या कैरान्याचे, राहिले मिरजेत. १९३७ साली ते गेले, त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत ओडियन कंपनीने काढलेल्या त्यांच्या रेकॉर्डी आजही जाणकार जिवापाड जपतात.

या ओडियनचं काम आपल्याकडे दोन टप्प्यांत चाललं, १९१२ ते १९१६ आणि १९३२ ते १९३८. मुंबईत 'यंग इंडिया' नावाचं स्वदेशी लेबल होतं. तीस ते पन्नासच्या दशकांत त्याने मोठ्या कंपन्यांनी दारात उभं न केलेल्या कितीतरी कलाकारांच्या रेकॉर्डी काढल्या. एचएमव्हीच्या तुलनेत या लेबलांचा खप कमी होता. म्हणूनच आज त्या कमी सापडतात. सोलच्या पडलेल्या गाण्यांचा नियम इथंही तोच.

फरक एकच. फ्रँक विल्सनचं गाणं कुठल्या साली, कुणी, कुठं मुद्रित केलं हे तिकडच्या लोकांनी लिहून ठेवलं. आपल्याकडे एखाद्या छोट्या लेबलने काढलेला पोवाडा, एखाद्या नाटक कंपनीतल्या गड्याने गायलेलं पद, एखादं मराठी-कन्नड मिश्र भजन यांची पूर्ण यादीच हाताशी नसते. उरलेली एकुलती एक प्रत कदाचित कुणाच्या तरी माळ्यावर असेल. ती फुटली की गाणं नुसतं महाग होत नाही, संपतं. आपल्या भागातल्या पेट्यांत खरं अडकलंय ते हे.

भाव ठरतो चार गोष्टींवर

एक, प्रती किती उरल्या. दोन, ती हवी असणारी माणसं किती. नुसती दुर्मीळ असून भागत नाही. एखाद्या कंपनीच्या जाहिरातीची रेकॉर्डही दुर्मीळ असते, पण घेणारा नसला तर ती पडून राहते. तीन, छपाई कोणती. पहिली की नंतरची? हे लेबलचा रंग, लेबलवरचा क्रमांक आणि तबकडीच्या मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला बारीक क्रमांक बघून ठरतं. या कोरीव आकड्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. तोच खरा जन्मदाखला. लेबल फाटलं तरी तो राहतो.

चार, अवस्था. व्यापारात यासाठी ठरलेल्या पायऱ्या आहेत : मिंट म्हणजे कोरी, मग निअर मिंट, व्हेरी गुड, गुड. नावावर जाऊ नका. या धंद्यात 'गुड' म्हणजे खरं तर बऱ्यापैकी झिजलेली. आपल्याकडच्या रेकॉर्डी बहुतेक इथंच मार खातात. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूला बदलायची असते. पण सुया वाचवायला लोक एकाच सुईवर महिनाभर गाणी वाजवायचे, आणि त्या सुईने रेकॉर्डची नाळी खरवडून काढली. शिवाय लेबलवर मालकाचं नाव, दुकानाचा शिक्का, फाटलेलं पाकीट, प्रत्येकाने भाव थोडा थोडा उतरतो.

गठ्ठ्याचा हिशेब

धंदा म्हणून कुणी यात उतरायचं म्हणत असेल तर आकडे मांडून बघा. समजा, एका घरातून १०० रेकॉर्डींचा गठ्ठा ५,००० रुपयांना घेतला. त्यातल्या ७० विकल्याच गेल्या नाहीत. २५ रेकॉर्डी दीडशेच्या भावाने गेल्या, त्याचे ३,७५०. पाच चांगल्या निघाल्या, आठशेच्या भावाने त्यांचे ४,०००. जमा ७,७५०. त्यातून धुणं, पॅकिंग, कुरिअर, वाटेत फुटलेली एखादी, असे १,५०० वजा. मुद्दल ५,००० वजा. हातात राहिले १,२५०, तेही सहा महिन्यांनी, आणि घरात ७० रेकॉर्डींचा ढीग. आकडे समजण्यापुरते आहेत, पण धंद्याचा आकार असाच असतो. जुना व्यापारी टिकतो तो त्या पाच रेकॉर्डी गठ्ठ्यात आहेत की नाहीत हे घेण्याआधी ओळखता येतं म्हणून.

म्हणूनच घरी आलेला घेणारा सहसा म्हणतो, "काका, एकेक कशाला बघताय, सगळा गठ्ठाच देऊन टाका की." त्यात तो काही गुन्हा करत नाही, तो त्याचा धंदा आहे. पण गठ्ठ्याने देताना तुम्ही त्या पाच रेकॉर्डी बाकीच्या पंचाण्णवांच्या भावात देताय, एवढं ध्यानात असू द्या. आधी यादी करा, मग बोलणी करा.

बाजार कुठं आहे? मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, हैदराबादचा जुमेरात बाजार ही नावाजलेली ठिकाणं. आता बराचसा व्यवहार इंटरनेटवर, फोटो आणि क्रमांक बघून होतो. मागणी वाढतेय हेही खरं. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा विनाइल रेकॉर्डी जास्त नगांनी खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. पण ही लाट मुख्यतः नव्या छापलेल्या एलपींची आहे. माळ्यावरच्या ७८ ला तिचा थेट फायदा होईलच असं नाही, कारण ७८ वाजवायला वेगळी जाड सुई लागते आणि आजच्या बऱ्याच यंत्रांवर तो वेगच नसतो.

फसवणुकीपासून सावध

'तुमच्या रेकॉर्डीला अमुक लाख मिळतील, आधी नोंदणी फी भरा' असा फोन आला की तो फसवणुकीचाच समजा. जुन्या नाण्या-नोटांच्या बाबतीत हाच प्रकार इतका वाढला की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना जाहीर सावध करावं लागलं. बँकेचं नाव घेऊन लोकांकडून फी आणि कर मागितले जात होते. रेकॉर्डींच्या बाबतीत नियम साधा : घेणारा पैसे देतो, मागत नाही.

दुसरी फसवणूक उलट बाजूने. पितळी कर्ण्याचा चकचकीत 'जुना एचएमव्ही ग्रामोफोन' म्हणून जे यंत्र विकतात, ते पुष्कळदा जुन्या पेटी-ग्रामोफोनचे सुटे भाग घालून नव्याने बनवलेलं असतं. शोभेला घ्या, पण जुन्याच्या भावाने घेऊ नका.

तिसरी गोष्ट कायद्याची. रेकॉर्ड तुमची झाली म्हणजे गाणं तुमचं झालं असं होत नाही. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. घरी ऐकण्यापुरतं ठीक, यूट्यूबवर टाकून कमाई करायची तर हे आधी तपासा.

जपायच्या कशा?

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर एलपी पापडासारखी वाकते. म्हणून :

– रेकॉर्डी आडव्या रचू नका. पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, फार तिरक्याही नकोत. पेटी भिंतीच्या सावलीच्या बाजूला, जमिनीपासून थोडी वर.

– ७८ ची रेकॉर्ड स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अल्कोहोल असलेल्या कशानेही पुसू नका. लाख त्यात विरघळते आणि रेकॉर्ड कायमची जाते. मऊ ब्रशने धूळ झाडा. फारच घाण असेल तर थोड्या स्वच्छ पाण्याने, लेबल भिजू न देता पुसून लगेच कोरडी करा.

– पकडताना कडेने धरा. नाळीवर बोट लावलं की तेलकट डाग बसतो आणि पावसाळ्यात तिथंच बुरशी धरते.

– जुन्या ग्रामोफोनवर घासलेल्या सुईने 'चालते का बघू' म्हणून वाजवू नका. ती एक चाचणी रेकॉर्डीचं आयुष्य कमी करते.

– तडा गेलेली ७८ ची रेकॉर्डही टाकू नका. बाजारात तिला भाव नाही, पण जाणकार माणूस त्यावरून आवाज उतरवून घेऊ शकतो.

– पाकिटं आणि जुनी सूचीपत्रकं फेकू नका. दुकानाचा छाप असलेल्या पाकिटावरून ती रेकॉर्ड सोलापूरहून आली की हैदराबादहून, हे कळतं.

एक वही आणि एक संध्याकाळ

विकायची असो की ठेवायची, पहिलं काम एकच : यादी. शाळेची दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक रेकॉर्डसाठी एक ओळ. लेबल, क्रमांक, मधल्या भागातला कोरीव क्रमांक, गायकाचं नाव जसं छापलंय तसं, गाण्याचे पहिले शब्द, भाषा, अवस्था. मोबाइलवर दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो. शंभर रेकॉर्डींना एक संध्याकाळ पुरते. घरात कन्नड वाचणारं पोरगं आणि उर्दू वाचणारा शेजारी असला तर त्यांनाही बसवा. सीमाभागातली पेटी एका भाषेत उलगडत नाही.

एवढी यादी झाली की पुढची दारं उघडतात. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था आहे. तिचे मानद सचिव राहिलेले सुरेश चांदवणकर यांनी या विषयावर मराठीतही पुष्कळ लिहिलं आहे. संस्थेच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या पत्रिकेत जुन्या कलाकारांची माहिती आणि याद्या आल्या आहेत. 'यंग इंडिया' आणि ओडियनच्या तबकड्यांचं डिजिटल जतन ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या संग्रहांसाठी असलेल्या कार्यक्रमातून झालं आहे. हे काम उभं राहिलं ते कुणाकुणाच्या घरातल्या पेट्यांवरच, कंपन्यांच्या गोदामांवर नव्हे.

बहुतेक पेट्यांत शे-दोनशे रुपयांचाच माल निघेल, हे आधीच सांगून ठेवतो. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण त्या ढिगात कुणाच्या गावची, कुणाच्या आजीच्या ओळखीची, यादीत कुठंच न सापडणारी एखादी तबकडी असू शकते. ती ओळखायला मुंबईचा व्यापारी कमी पडेल, कारण त्याला आपल्या भागातली नावं, गावं आणि बोली ठाऊक नाहीत. तुम्हाला ठाऊक आहेत. म्हणून भंगारवाल्याला दारात थांबवून ठेवायचं असेल तर खुशाल थांबवा, पण पेटी वजनकाट्यावर चढण्याआधी लेबलं वाचून घ्या.